वहीचे फोटो, त्याची पीडीएफ आणि मग वर्ड: दुकान, गुगल ड्राईव्हचं स्कॅन आणि नॅप्स२ नावाचं सॉफ्टवेअर तिन्ही वापरून झाल्यावर

आमच्या आत्याकडे कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या गाण्यांची एक वही आहे. शंभर पानी, त्यातली चौऱ्याऐंशी पानं भरलेली, बहुतेक निळं बॉलपेन, मधेच कुठे लाल रिफिल, काही ठिकाणी पेन्सिल. श्रावणात नागपंचमीनंतरचा पहिला रविवार आला की ही वही ट्रंकेतून बाहेर निघते, रात्रभर बायांच्या हातात फिरते आणि सोमवारी विसर्जन झालं की परत ट्रंकेत जाते. आमची भाऊबंदकी अर्धी सुरतला आहे, उधना आणि लिंबायतकडे, थोडी नाशिकला, थोडी पुण्याला, आणि दरवर्षी त्या रात्री फोन येतात की आत्या ते अमुक गाणं पुढे कसं आहे सांगा. म्हणून यंदा ग्रुपवर ठरलं की वहीची पीडीएफ करायची आणि जमलं तर वर्डमध्ये पण आणायची म्हणजे मोठ्या अक्षरात प्रिंट काढता येईल. काम माझ्याकडे आलं कारण मी अमळनेरला राहते आणि आत्याचं गाव इथून पाऊण तासावर.

या एका वहीसाठी मी झेरॉक्सच्या दुकानापासून कॉम्प्युटरच्या फुकट सॉफ्टवेअरपर्यंत सगळं वापरलं, दीड महिना गेला, आणि शोधताना मराठी अक्षरांसाठी कोणी नीट सांगितलेलं फार कमी सापडलं, सगळं इंग्रजी कागदांसाठी. म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी एक गोष्ट, कारण इथेच सगळ्यांचा घोळ होतो. "फोटो डॉक्युमेंटमध्ये करून दे" म्हणजे दोन वेगळी कामं आहेत. फोटोची पीडीएफ करणं म्हणजे फोटो पाकिटात घालणं, आतला फोटो तोच राहतो, अक्षर धूसर असेल तर पीडीएफमध्येही धूसरच. जेपीईजी फोटो पीडीएफच्या आत जसाच्या तसा बसतो, त्यामुळे चांगल्या साधनाने केलं तर दर्जा कमी होत नाही, पण वाढतही नाही आणि साईझही जवळपास तेवढीच. दुसरं काम म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्याचा मजकूर करणं, ज्याला ओसीआर म्हणतात, आणि हे केलं तरच वर्डमध्ये एखादा शब्द खोडता येतो, शोधता येतो, अक्षर मोठं करता येतं. पहिलं काम फोनवर पाच मिनिटांचं आहे. दुसऱ्याला वेळ लागतो, आणि हाताने लिहिलेलं असेल तर फार वेळ लागतो. तुम्हाला यातलं नेमकं काय पाहिजे ते आधी ठरवा, कारण नोकरीच्या फॉर्मला, शाळेच्या ॲडमिशनला, पीक विम्याच्या कागदांना पहिलंच काम पुरतं आणि लोक उगाच दुसऱ्याच्या मागे लागतात.

आता दुकानाचं सांगते. तालुक्याच्या गावातलं दुकान, नाव लिहीत नाही, झेरॉक्स, ऑनलाईन फॉर्म, टायपिंग सगळं करतात. भाव स्कॅनला पानाला १० रुपये आणि मराठी टायपिंगला पानाला ४० रुपये. म्हणजे पूर्ण वही स्कॅन करायला ८४० आणि टाईप करून घ्यायला ३३६० रुपये. मी आधी दहाच पानं दिली, ५०० रुपये गेले. पोरगा हुशार, हात पटापट चालतो, वागणं पण चांगलं. पण वही उलटी दाबून काचेवर ठेवली तेव्हा शिवणीतून "कट" असा आवाज आला आणि मधली चार पानं सैल झाली. आत्याने वही देताना एकच गोष्ट सांगितली होती, "हाई मन्ही वही शे, इले काही व्हवाले नको." तो आवाज ऐकून माझ्या पोटात धस्स झालं, घरी येऊन आधी सुईदोऱ्याने ती पानं बसवली आणि मग आत्याला फोन केला.

टायपिंगची फाईल फोनवर उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, एक शब्द वाचता येईना. मला वाटलं फाईल खराब झाली. तसं नव्हतं. जुन्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागेवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात, म्हणजे आतून तो मजकूर इंग्रजी कळांचाच असतो आणि तोच फॉन्ट तुमच्याकडे असेल तरच तो मराठी दिसतो. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची जागा आहे त्यामुळे ते सुरतच्या फोनवर, पुण्याच्या लॅपटॉपवर कुठेही मराठीच दिसतं. तेव्हा टायपिंगला काहीही दिलं तर काऊंटरवरच स्पष्ट सांगा, "युनिकोडमध्ये पाहिजे". मला हे माहीत नव्हतं म्हणून दहा पानांचं परत करून घ्यावं लागलं, त्याने बिचाऱ्याने परत पैसे घेतले नाहीत हे पण खरं.

पण मला जास्त लागलं ते वेगळंच. गाणी अहिराणीत, म्हणजे आमच्या खानदेशी बोलीत आहेत, आणि त्याने टाईप करताना ती अहिराणी सुधारून टाकली होती. मन्हा होतं तिथे माझा, तठे होतं तिथे तिथे, करस होतं तिथे करतो. त्याला वाटलं लिहिणाऱ्या बाईचं शुद्धलेखन चुकलंय. तो आपल्याच इकडचा, घरी अहिराणीच बोलत असेल, पण टाईप करायला बसला की हात आपोआप पुस्तकातल्या मराठीकडे जातो. एकेका ओळीत दोन-तीन शब्द बदलले की चाल बसतच नाही, मी आत्यासमोर वाचून दाखवलं तर ती दुसऱ्या ओळीलाच थांबली आणि म्हणाली हे आपलं गाणं नाही. २०११ च्या जनगणनेत खानदेशी बोलणारे १८ लाख ६० हजार मोजलेत आणि त्यात बहुतेक अहिराणीवालेच, एवढी माणसं जी भाषा बोलतात ती लिहिली की चूक ठरते, याचं मला खूप वाईट वाटतं.

अजून एक, दुकानाच्या कॉम्प्युटरवर स्क्रीनभर फाईली पडलेल्या होत्या, कोणाचं आधार, कोणाचं पासबुक, कोणाच्या पोरीची टीसी. माझ्या आधी आलेल्या माणसाचा आधारचा फोटो मला उभ्याउभ्या वाचता येत होता. वहीचं ठीक आहे, पण आधार-पॅन दुकानात पेनड्राईव्हने किंवा त्यांच्या व्हॉट्सॲपवर देत असाल तर काम झाल्यावर समोर उभं राहून डिलीट करायला लावा, रिसायकल बिनमधून पण. आणि जिथे चालतं तिथे मास्क केलेलं आधार द्या, ज्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात, ते आधारच्या वेबसाईटवरून फुकट डाऊनलोड होतं.

मग मी घरीच करायचं ठरवलं.

आमच्याकडे अजून लोक "कॅमस्कॅन करून पाठव" असंच म्हणतात, स्कॅन करणं याला तोच शब्द झालाय, पण कॅमस्कॅनर २९ जून २०२० ला सरकारने जी ५९ ॲप बंद केली त्यात होतं. त्याची गरज पण नाही आता. ॲन्ड्रॉईड फोनमध्ये गुगल ड्राईव्ह आधीपासून असतं, ते उघडून स्कॅनचं बटण दाबलं की कॅमेरा सुरू होतो, कागदाच्या कडा तो स्वतः पकडतो, वाकडा कागद सरळ करतो, एकामागून एक पानं घेत जातो आणि शेवटी एकच पीडीएफ करून ठेवतो. जाहिरात नाही, पानावर कोणाचं नाव छापून येत नाही, पैसे नाहीत. आयफोनवाल्यांना नोट्समध्ये आणि फाईल्समध्ये असंच स्कॅन आहे, माझ्या पुण्याच्या वहिनी तेच वापरतात. चार-पाच कागदांसाठी यापेक्षा सोपं मला काही सापडलं नाही, आणि माझ्या सासूबाईंना मी एकदा दाखवलं तर त्यांनी बचत गटाचं पासबुक स्वतः स्कॅन करून पाठवलं.

आधीच काढलेले फोटो असतील तर अजून एक रस्ता आहे, गॅलरीत फोटो उघडायचा, तीन टिंबांमध्ये प्रिंट दाबायचं आणि प्रिंटरच्या जागी "पीडीएफ म्हणून सेव्ह" निवडायचं. विंडोज १० पासून कॉम्प्युटरवर पण असंच, फोटो निवडून राईट क्लिक, प्रिंट, आणि प्रिंटरच्या यादीत मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ. नेट लागत नाही, काही अपलोड होत नाही. घाईच्या वेळी हे फार कामाला येतं.

तरी वहीसाठी मी ड्राईव्हचं ऑटो स्कॅन न वापरता साधे फोटो काढले, कारण फिल्टर. स्कॅनमध्ये काळापांढरा फिल्टर लावला की छापील कागद एकदम झेरॉक्ससारखा स्वच्छ येतो आणि साईझ पण खूप लहान होते. पण वहीच्या पान ३१ वर कुंकवाचा डाग आहे, दोन बोटं रुंद, रात्री कोणाच्या तरी हाताचा लागलेला. रंगीत फोटोत त्या डागाखालची निळी अक्षरं व्यवस्थित वाचता येतात. काळ्यापांढऱ्यात लाल डाग काळा झाला आणि खालच्या अडीच ओळी गिळून टाकल्या. पेन्सिलीने लिहिलेल्या पानांचं उलट, तिथे अक्षरं फिकी म्हणून उडूनच गेली. हेच सरकारी कागदाला होतं, गोल शिक्का फिका जांभळा असला की या फिल्टरमध्ये अर्धा शिक्का गायब होतो आणि मग टेबलवाले म्हणतात शिक्का दिसत नाही. शिक्का, सही, डाग, पेन्सिल यातलं काहीही असेल तर रंगीतच ठेवा.

फोटो काढण्यावर मी तीन सकाळी घालवल्या आणि माझं मत असं झालंय की सगळं काम इथेच होतं किंवा इथेच बिघडतं, पुढे कुठलंही महागडं ॲप घेतलं तरी फरक पडत नाही. दुपारी आमच्याकडचं ऊन इतकं पांढरं असतं की पान चमकतं आणि सावली काळीकुट्ट पडते, म्हणून सकाळी साडेसात ते नऊ, ओसरीवर, ऊन थेट न येता नुसता उजेड येतो तिथे बसायचं. फ्लॅश अजिबात नाही. फोन हातात धरला की माझीच सावली पानावर पडायची, म्हणून दोन पाटांवर आडवी फळी ठेवून त्यावर फोन थोडा पुढे काढून ठेवला आणि तीन सेकंदांचा टायमर लावला. पान कॅमेऱ्याला समांतर पाहिजे, तिरकं असलं की वरची ओळ मोठी खालची लहान येते. शिवणीजवळ पान फुगतं तिथे आत्याच्या देवघरातल्या जुन्या फोटोफ्रेमची काच काढून हलकी ठेवली, दाबायची नाही, फक्त वजनाने बसते तेवढी.

आणि सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे काळा कागद. वहीचा कागद पातळ, बॉलपेन दाबून लिहिलेलं, त्यामुळे मागच्या पानाची अक्षरं उलटी होऊन पुढे दिसायची आणि फोटोत दोन्ही एकमेकांत मिसळायची. पोरीच्या क्राफ्टच्या सामानातला काळा कार्डशीट वहीच्या मापाने कापून प्रत्येक पानाच्या मागे सरकवला आणि मागची अक्षरं जवळजवळ नाहीशी झाली. पान जरा राखाडी दिसतं पण अक्षर एकटं दिसतं. जुन्या खरेदीखतांचे, पत्रांचे फोटो काढणाऱ्यांनी हे नक्की करून बघा.

रिझोल्युशनचं म्हणाल तर ए-फोर कागद ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल. १२ मेगापिक्सेलचा साधा फोन ४००० बाय ३००० काढतो, म्हणजे पान फ्रेममध्ये पूर्ण भरून घेतलं तर पुरेसं होतं, स्कॅनर विकत घ्यायची गरज नाही. पण आत्याच्या नातवाने उरलेली बारा पानं काढून व्हॉट्सॲपने पाठवली आणि तिथे फोटो आपोआप दाबला जातो, मोठं करून पाहिलं की काना-मात्रा फुटलेल्या. त्याला परत सांगितलं की बाळा फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव, तसं पाठवलं की मूळ फाईल जशी आहे तशी येते. एचडीचं बटण २०२३ पासून आहे पण ओसीआर करायचं असेल तर डॉक्युमेंटच बरं.

चौऱ्याऐंशी फोटो, एकेक सव्वातीन एमबीच्या आसपास, सगळे एका पीडीएफमध्ये घातले तर २७० एमबी. ती सुरतला पाठवली, गेली पण, पण काकांच्या फोनवर उघडेना, फिरतच राहायची. शिवाय पानं उलटसुलट. हे नावामुळे होतं, फाईलींना १, २, ३ नावं दिली की बऱ्याच ठिकाणी त्या १, १०, ११ आणि मग २ अशा लागतात. सुरुवातीलाच ००१, ००२ अशी नावं द्या, नंतर चौऱ्याऐंशी पानं हाताने लावताना डोळे दुखतात.

इथे मला नॅप्स२ सापडलं आणि याला मी मनापासून चांगलं म्हणेन. कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आणि ओपन सोर्स, विंडोजवर चालतं, मॅक आणि लिनक्सवर पण. मूळ स्कॅनरसाठी बनवलेलं, पण स्कॅनर नसला तरी फोटो इम्पोर्ट करता येतात. सगळी पानं छोटी छोटी समोर दिसतात, माऊसने ओढून पुढेमागे लावायची, तिरकी असतील तर सरळ करायची, आणि पीडीएफ सेव्ह करायची. सगळं आपल्याच कॉम्प्युटरवर होतं, काही बाहेर जात नाही. मी फोटो आधी २०० डीपीआयपर्यंत लहान केले, रंगीतच ठेवले, आणि पूर्ण वही २२ एमबीत बसली, काकांच्या फोनवर लगेच उघडली. यात पीडीएफ-ए म्हणून पण सेव्ह करता येतं, ते जास्त वर्षं जपून ठेवायच्या कागदांसाठीचं प्रमाण आहे, २००५ पासूनचं, फाईल उघडायला लागणाऱ्या गोष्टी त्या फाईलमध्येच भराव्या लागतात. वहीची एक प्रत मी तशी पण ठेवली.

ऑनलाईन वेबसाईट पण वापरून पाहिल्या. साध्या फोटोची पीडीएफ करायला बऱ्याचशा ठीक चालतात. पण एका साईटने "फोटो टू वर्ड" म्हणून जी फाईल दिली त्यात वर्डच्या पानावर नुसता फोटो चिकटवलेला होता, एक अक्षर खोडता येत नव्हतं, आणि त्याआधी ईमेल वगैरे सगळं घेतलं. वर्ड फाईल मिळाली की लगेच एखाद्या शब्दावर बोट ठेवून तो सिलेक्ट होतोय का ते बघा, नाही झाला तर तो फोटोच आहे. आणि आधार, पॅन, बँकेचे कागद अशा साईटवर चढवू नका, वर सांगितलेल्या प्रिंटच्या रस्त्याने तेच काम घरात होतं.

आता ओसीआर. छापील मराठीसाठी सोपा रस्ता म्हणजे कॉम्प्युटरवर ड्राईव्ह उघडून फोटोवर राईट क्लिक करायचं आणि गुगल डॉक्सने उघडायचं, वर फोटो आणि खाली मजकूर अशी फाईल तयार होते. गुगलने स्वतःच्या मदत पानावर सांगितलंय की फाईल २ एमबीच्या आत असावी, फोटो सरळ उभा असावा, उजेड सारखा असावा, आणि याद्या, टेबल, कॉलम हे बहुधा तसे येणार नाहीत. तेव्हा सातबारा, मार्कशीट असल्या रकान्यांच्या कागदाला याच्या नादी लागू नका, ते आकडे हाताने टाईप केलेले बरे. नॅप्स२ मध्ये पण ओसीआर आहे, त्याच्या आत टेसरॅक्ट नावाचं इंजिन चालतं, जे मुळात १९८५ ते १९९४ मध्ये एचपी कंपनीत तयार झालं, २००५ मध्ये सगळ्यांना खुलं केलं आणि २००६ पासून बरीच वर्षं गुगलने सांभाळलं. सेटिंगमध्ये मराठी भाषा निवडून डाऊनलोड करायची, इंग्रजीवर ठेवली तर देवनागरीचं काहीच्या काही येतं. याने होतं काय, तर पीडीएफमध्ये फोटो तसाच दिसतो आणि त्याच्या मागे न दिसणारा मजकुराचा थर बसतो, मग पीडीएफमध्ये शब्द शोधता येतो.

आत्याच्या वहीत मधे मधे छापील कागद चिकटवलेले आहेत, आरत्या वगैरे, ते याने चांगले आले, चुका होत्या त्या ठरावीक जागी, ळ चा ल, ऱ्या चा र्या, अनुस्वार गळालेले, जोडाक्षरं तुटलेली. पानाला दहा मिनिटं तपासणी धरा.

हाताने लिहिलेल्या पानांसाठी मी तीन-चार साधनं लावून पाहिली आणि एकाने पण जमलं नाही. आत्याचं अक्षर सुंदर आहे, गोल, शाळेत पाटीवर घोटलेलं, पण ती शिरोरेषा शब्दावर वेगळी न देता पूर्ण ओळीला एकच ओढते, त्यामुळे मशीनला शब्द कुठे संपतो तेच कळत नाही. आणि भाषा. टेसरॅक्टच्या यादीत मराठी आहे, हिंदी आहे, संस्कृत आहे, अहिराणी नाही. अक्षर संशयाचं असलं की मशीन आपल्याला माहीत असलेल्या शब्दाकडे झुकतं, त्यामुळे दुकानातल्या पोराने जे केलं तेच मशीनने पण केलं, मन्हा चं मना, जठे चं जेथे. म्हणजे नुसती चूक नाही तर बरोबर वाटणारी चूक, आणि ती शोधायला जास्त त्रास. बोलून टाईप करायचं पण पाहिलं, आत्या बोलली, फोनने अर्धं मराठी अर्धं हिंदी लिहिलं.

शेवटी साधा रस्ता धरला. लॅपटॉपवर अर्ध्या स्क्रीनला पीडीएफचं पान, अर्ध्याला कोरं डॉक्युमेंट, आणि मी युनिकोडमध्ये टाईप करते. आत्या शेजारी बसते, डोळे मिटून. "मी सांगस, तू लिख." वहीत जे लिहिलंय त्यापेक्षा ती कधी कधी एक ओळ जास्त सांगते, मग ती ओळ मी वेगळ्या रंगात टाकते. एका बैठकीत तीन गाणी होतात. स्पेलिंग चेक बंद करून ठेवा, नाहीतर पानभर लाल रेघा दिसतात आणि एखादा शब्द आपोआप बदलतो.

थोडं विषय सोडून, पण सांगायलाच पाहिजे. माझ्या जेठांनी १५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला, त्याची प्रिंट काढली, प्रिंटचा फोटो काढला, आणि फोटोची पीडीएफ करून बँकेत पाठवली. मूळ डाऊनलोड झालेली फाईल पीडीएफच होती! डिजिटल सही त्या मूळ फाईलमध्ये असते, प्रिंट काढून फोटो काढला की सही मेली, उरतं फक्त सहीचं चित्र. स्क्रीनशॉटचं पण तेच. जी गोष्ट पीडीएफ म्हणूनच मिळाली आहे ती तशीच पुढे पाठवा, नावसुद्धा बदलायचं तर फक्त नाव बदला. आमच्या गल्लीतच मी हे आतापर्यंत पाच-सहा जणांना समजावलंय.

आणि ज्यांच्या घरी मोडीतले जुने कागद आहेत त्यांनी ओसीआरवर वेळ घालवू नका, मी म्हणते त्या साधनांना मोडी वाचता येत नाही. वर सांगितलं तसे काळा कागद लावून रंगीत फोटो काढून ठेवा आणि वाचायला मोडी जाणणारा माणूस शोधा. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, १९२७ पासूनचं, जुन्या कागदांची कदर असलेली जागा, तिथे विचारपूस करता येईल.

गुण द्यायचे तर ड्राईव्हच्या स्कॅनला पाचपैकी साडेचार, रोजच्या कागदांसाठी डोळे मिटून वापरा. नॅप्स२ ला पाच, खास करून वही-पुस्तक असेल तर, फक्त कॉम्प्युटर लागतो. छापील मराठीच्या ओसीआरला साडेतीन. हाताने लिहिलेल्या अहिराणीला गुण देण्यासारखं माझ्या हाती काहीच लागलं नाही, कोणाला सापडलं असेल तर खरंच सांगा, मी लगेच करून बघेन. दुकानाला दोन, आणि ते पण त्या पोराच्या वागण्याचे.

पीडीएफ ग्रुपवर गेली त्या दिवशी सुरतच्या काकूंनी पान ३१ मोठं करून त्या कुंकवाच्या डागाचा फोटो परत ग्रुपवर टाकला आणि लिहिलं की हा माझ्या हातचा आहे, लग्नानंतरच्या पहिल्या कानबाईचा. टाईप झालेली गाणी आतापर्यंत सतरा, अजून चोवीस राहिलीत. येत्या रविवारी परत जायचंय, आत्याने लॅपटॉपचं चार्जर आठवणीने आणायला सांगितलंय कारण दुपारी लाईट जाते.